बिऱ्हाड पाठीवर

"अगं, लोक घर सोडून फिरायला जातात. तुम्ही घर घेऊनच निघालात होय?" शेजारच्या काकूंनी फोटो बघून विचारलं. फोटोत मी ओट्याशी उभी राहून पोहे परतत होते आणि मागच्या खिडकीत निळंशार सरोवर दिसत होतं. काकूंचं म्हणणं खरंच होतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसेच आम्ही दोघं बारा दिवस न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर एका मोटरहोममधून हिंडलो. तिथंच पलंग, तिथंच गॅस, तिथंच न्हाणीघर, आणि पुढे स्टिअरिंग.

मैत्रिणींनो, हे वाचून "पैसेवाल्यांचे चोचले" असं लगेच म्हणू नका. आम्ही बार्शीची साधी माणसं. ह्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. मी घर सांभाळून बचत गटांचं आणि बायकांच्या तक्रारी ऐकण्याचं काम करते. धाकटी बहीण लग्नानंतर न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला स्थायिक झाली. ती दहा वर्षं बोलावत होती आणि आमचं दहा वर्षं "बघू" चाललं होतं. शेवटची पाच वर्षं सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या, त्यामुळे जाण्याचा विषयच नव्हता. २०२३ साली त्या गेल्या. मुलगी पुण्याला नोकरीला, मुलगा होस्टेलवर. माणसांनी गच्च भरलेल्या घरात एकदम आम्ही दोघंच उरलो. आणि तेव्हा लक्षात आलं की आम्हाला एकमेकांशी बोलायला विषयच नाही. "दूध तापवलं का", "लाइट बिल भरलं का", एवढ्यावर दिवस संपायचा. रात्री टीव्ही लावला की तेही संपायचं.

२०२४ साली आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. बहिणीनं परस्पर मोटरहोम ठरवलं, भाडं भरलं आणि फोनवर सांगितलं, "ताई, माझ्याकडे चार दिवस राहा. मग तुम्ही दोघंच जा. मी येणार नाही. आणि येताना दोघांचीही लायसन्स आणा."

"माझं कशाला?" मी म्हटलं. मी २०१५ साली चारचाकीचं लायसन्स काढलं होतं खरं. पण गाडी हातात घेतली की शेजारून "क्लच, क्लच! अगं ब्रेक!" असा गजर सुरू व्हायचा. चार वेळा चालवली आणि सोडून दिली. लायसन्स कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली. तरी बहिणीच्या हट्टापायी आरटीओत जाऊन दोघांचे आंतरराष्ट्रीय परवाने काढले. दुकानाचं शटर वीस दिवस बंद राहणार म्हणून ह्यांचा जीव तुटत होता, तो वेगळाच.

दहाच्या नोटेवरची बाई

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही क्राइस्टचर्चला होतो. तिकडे तेव्हा वसंत संपून उन्हाळा लागत असतो. रात्री नऊपर्यंत उजेड. आपल्यापेक्षा घड्याळ साडेसात तास पुढे.

बहिणीनं हातखर्चाला डॉलरच्या नोटा दिल्या. पाचाच्या नोटेवर सर एडमंड हिलरी. तेनसिंग नोर्गे यांच्याबरोबर २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टवर पाऊल ठेवणारे. पुढे ते भारतात न्यूझीलंडचे उच्चायुक्तही होते. आणि दहाच्या नोटेवर एक बाई! नाव केट शेपर्ड. १८९३ साली न्यूझीलंडनं स्त्रियांना मतदानाचा हक्क दिला. जगातला असा तो पहिला देश. त्या लढ्याच्या या पुढारी, आणि राहायच्या क्राइस्टचर्चमध्येच. गावोगावच्या बायकांच्या सह्या गोळा केल्या, कागद एकाला एक चिकटवून त्यांची भलीमोठी गुंडाळी केली आणि ती संसदेत उलगडली. त्या वर्षीच्या सगळ्या अर्जांवर मिळून जवळजवळ ३२ हजार सह्या होत्या. बचत गटाच्या ठरावावर वीस सह्या घेताना माझी काय दमछाक होते ते मला ठाऊक. त्या काळात ना फोन, ना गाडी. नदीकाठी त्यांचं स्मारक आहे, तिथं मी बराच वेळ उभी होते.

हे म्हणाले, "एव्हरेस्टवाला पाचावर आणि ही बाई दहावर?"

"मग? चढ कुणाचा मोठा होता?" मी म्हटलं. हसले ते.

सहा मीटरचं घर

दुसऱ्या दिवशी गाडी ताब्यात घेतली. साधारण सहा मीटर लांब, आत उभं राहता येईल एवढी उंच. कंपनीच्या मुलीनं तासभर सगळं समजावलं. पिण्या-वापरण्याच्या पाण्याची टाकी ८० लिटरची. सांडपाण्याची टाकी वेगळी. गॅसचं सिलिंडर, जे गाडी चालू असताना बंदच ठेवायचं. फ्रिज, छोटा सिंक, दोन शेगड्या. दिवसा बसायचे बाक, रात्री फळ्या सरकवून त्यांचाच पलंग. आणि न्हाणीघरात संडास. त्याच्याखाली एक प्लॅस्टिकची पेटी असते. भरली की बाहेरच्या दारातून ओढून काढायची आणि ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची, धुवायची.

ते ऐकताना आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हे काम कुणी करायचं?

न्यूझीलंडमध्ये गाडी कुठंही उभी करून झोपायची पूर्वी बरीच मुभा होती. पण लोक घाण करायला लागले. तळ्याकाठी, झाडामागे. म्हणून २०११ साली कायदा आला आणि २०२३ साली तो आणखी कडक झाला. नेमून दिलेल्या मोकळ्या जागी फुकट मुक्काम करायचा तर गाडीत पक्का बसवलेला संडास हवा आणि तसं हिरवं प्रमाणपत्र काचेवर हवं. नाहीतर दंड ४०० डॉलरपासून पुढे. शिवाय रस्त्याने जवळजवळ प्रत्येक गावात फुकट, स्वच्छ, कागद ठेवलेलं सार्वजनिक स्वच्छतागृह. मी मनात म्हटलं, आमच्या बायका एसटीनं सोलापूरला जायचं म्हणून सकाळपासून पाणी पीत नाहीत. लग्नाला जाताना पीत नाहीत, बाजाराला जाताना पीत नाहीत. मूत्रविकार घेऊन दवाखान्यात येतात तेव्हा डॉक्टर सांगतात, पाणी प्या. प्यायचं कुठून? बारा दिवसांत पाण्याचा घोट घेताना मी एकदाही विचार केला नाही. डोंगर-सरोवरांइतकंच ते मला अपूर्वाईचं वाटलं.

पहिल्या रात्री मात्र आमचं कडाक्याचं भांडण झालं. कारण काय, तर पलंगाच्या फळ्या! हे म्हणत ही फळी आधी, मी म्हणत ती. पंचवीस वर्षांत भांडण झालं की हे दुकानात जायचे आणि मी स्वयंपाकघरात. दिवस मावळेपर्यंत आपोआप मिटायचं, म्हणजे मिटायचं नाही, नुसतं मुरायचं. इथं जायचं कुठं? हे रागानं दार उघडून बाहेर गेले. बाहेर बोचरा वारा. दहा मिनिटांत परत आले. मी चहा टाकला होता. फळ्या मग दोघांनी मिळून लावल्या.

आणि ती पेटी? दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी विसळत होते. खिडकीतून बघते तर हे हातमोजे घालून पेटी ओढत चाललेत. घरी संडासाचा ब्रश कधी हातात घेतला नाही ह्या माणसानं. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "इंजिन ऑइल बदलण्यापेक्षा सोपं आहे." मीही जास्त बोलले नाही. काही गोष्टींचं कौतुक केलं की पुरुषमाणसं बिथरतात.

एका बाबतीत मात्र मी वरचढ ठरले. पाण्याच्या. आमचा भाग दुष्काळी. एका तांब्यात तोंड धुणं, भांडी आधी कागदानं पुसून मग विसळणं, भाजीचं पाणी पुन्हा वापरणं हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. ८० लिटर आम्ही तीन दिवस पुरवले. फोनवर बहीण म्हणाली, "आम्हाला दीड दिवस पुरतं गं!"

खडकाचं पीठ

क्राइस्टचर्च सोडल्यावर सपाट मैदान, मेंढ्यांची कुरणं, उंच कुंपणं. जेराल्डीन, फेअरली अशी छोटी गावं. मग बर्क्स पासचा चढ ओलांडला की एकाएकी समोर टेकापो सरोवर. रंग कसा सांगू? निळ्यात दूध मिसळल्यासारखा. फोटोत बघितलं होतं तेव्हा वाटलं, रंग भरलेत. तसं नाही. वरच्या डोंगरातल्या हिमनद्या पुढे सरकताना खालचा खडक जात्यासारखा दळतात. ते पीठ इतकं बारीक की पाण्यात तळाशी बसत नाही, तरंगत राहतं, आणि ऊन पडलं की हा रंग दिसतो. आपल्या जात्याखाली जसं पीठ पडतं, तसं हे डोंगराचं दळण!

काठावर १९३५ साली बांधलेलं दगडी चर्च आहे. वेदीमागे चित्रांची काच नाही, साधी मोठी खिडकी आहे, तिच्यातून सरोवर आणि डोंगर. जवळच मेंढपाळांच्या कुत्र्याचा पुतळा. ह्या कुत्र्यांवाचून इथं मेंढ्या पाळणं शक्य नव्हतं म्हणून कृतज्ञतेनं उभारलेला. बैलाला पोळ्याला पुरणपोळी घालणाऱ्या आपल्यासारख्यांना ते लगेच समजतं.

काठभर जांभळी, गुलाबी ल्युपिनची फुलं. मी वेड्यासारखे फोटो काढले. नंतर कळलं की हे तण आहे. बाहेरून शोभेसाठी आणलेलं, आता नद्यांच्या गोट्यांच्या पात्रात पसरून तिथं घरटी करणाऱ्या पक्ष्यांची जागा खातंय. आपल्याकडची घाणेरी तशीच आली ना? दिसायला गोड फुलं आणि रान गिळलं.

टेकापोच्या आसपासचा मोठा टापू २०१२ साली 'काळोखी आकाशाचा राखीव प्रदेश' म्हणून जाहीर झाला आहे. जंगल राखतात तसा इथं काळोख राखला जातो. रस्त्यावरचे दिवे मंद आणि खाली तोंड केलेले. आम्ही गेलो तेव्हा अमावास्या जवळ आली होती. रात्री बाराच्या सुमारास स्वेटर, शाल, कानटोपी घालून बाहेर खुर्च्या टाकल्या. इतके तारे मी लहानपणी गच्चीवर झोपायचो तेव्हासुद्धा पाहिले नव्हते. आपला मृग तिथं उलटा दिसतो, डोकं खाली, पाय वर.

हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आई मला मृग दाखवायची. मळ्यात खळ्यावर झोपायचो तेव्हा. पोटातला बाण दाखवायची." परत गप्प. मग म्हणाले, "ती गेल्यापासून घरात काय बोलायचं तेच कळत नाही गं. तू तिचं एवढं केलंस, आणि मी तुला काही म्हटलंच नाही."

सासूबाई गेल्या तेव्हा हे रडले नव्हते. दिवसकार्य, पाहुणे, हिशेब, सगळं नीट केलं आणि तेराव्यानंतर दुकान उघडलं. त्या रात्री रडले. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं, "पुरुषासारखा पुरुष" म्हणणारंही कुणी नव्हतं. मी त्यांचा हात धरून बसले. पाच वर्षं मी डायपर बदलले, पाठीच्या जखमा पुसल्या, तेव्हा कधी कधी मला त्यांचा फार राग यायचा. तोही त्या रात्री बोलून टाकला. त्यांनी ऐकून घेतला.

चावी

टेकापोपुढे पुकाकी सरोवर, आणि त्याच्या टोकाशी आओराकी माउंट कुक. उंची ३७२४ मीटर, देशातलं सगळ्यात उंच शिखर. हिलरींनी एव्हरेस्टच्या आधी याच डोंगरांत कसून सराव केला. पायथ्याशी व्हाइट हॉर्स हिल नावाच्या सरकारी तळावर आम्ही राहिलो. रात्रभर दूर कुठंतरी बर्फ कोसळल्याचे आवाज येत होते, ढगांच्या गडगडाटासारखे.

दुसऱ्या दिवशी टास्मान हिमनदी बघायला गेलो. तीनशेहून जास्त पायऱ्या चढून वर गेलं की खाली करड्या पाण्याचं मोठं सरोवर आणि त्यात तरंगणारे बर्फाचे तुकडे. देशातली ही सगळ्यात लांब हिमनदी, पण वितळत मागे हटते आहे. १९७०च्या दशकात, म्हणजे माझा जन्म झाला तेव्हा, इथं सरोवर असं नव्हतंच, बर्फावर थोडी डबकी होती. आता ते कित्येक किलोमीटर लांब झालंय. वाटेत 'निळी तळी' अशी पाटी आहे आणि तळी मात्र हिरवी! हिमनदीचं पाणी येईनासं झालं, आता फक्त पावसाचं, म्हणून रंग बदलला. पाटी तेवढी जुनी राहिली.

उतरताना ह्यांचा पाय मुरगळला. उजवाच. बघता बघता घोटा सुजला. कसेबसे खांद्याचा आधार घेत गाडीपर्यंत आले, ड्रायव्हरच्या जागी बसले, ब्रेकवर पाय ठेवला आणि ओरडलेच.

आजूबाजूला कुणी नाही. जवळचं मोठं गाव ट्वायझल, सत्तरेक किलोमीटर. हे माझ्याकडे बघायला लागले, मी ह्यांच्याकडे. माझ्या पोटात गोळा आला. खोटं कशाला सांगू, पहिला विचार मनात आला तो "कुणाला तरी फोन करू." माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी काय सांगते? "जमेल तुला, पाऊल टाक." आणि स्वतःची वेळ आली तेव्हा मी मदतीला पुरुष शोधत होते.

"द्या चावी," मी म्हटलं.

ऑटोमॅटिक गाडी, क्लच नाहीच. तिकडे वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूनं. रस्ता मोकळा, सरोवराच्या कडेकडेनं जाणारा. पण एवढं मोठं घर पाठीशी घेऊन चालवायचं! पहिले दहा किलोमीटर मी चाळिसाच्या वर गेले नाही. मागे गाड्या साठल्या की डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत थांबायचं आणि त्यांना जाऊ द्यायचं. जाताना लोक हात करत होते. कुणी हॉर्न वाजवला नाही. ह्यांच्या तोंडून दोनदा "ब्रेक..." निघालं. मी म्हटलं, "अहो, तुम्ही सरोवर बघा." तिसऱ्यांदा त्यांनी तोंड मिटलं आणि खरंच डावीकडच्या निळ्या पाण्याकडे बघत बसले.

ट्वायझलच्या दवाखान्यात तपासलं, हाड मोडलं नव्हतं. तिथं अपघाताच्या उपचारांसाठी सरकारी योजना आहे, ती परदेशी पाहुण्यांनाही लागू होते, त्यामुळे थोडेच पैसे द्यावे लागले. पट्टी बांधून दिली आणि सांगितलं, काही दिवस गाडी चालवायची नाही.

त्या रात्री गाड्यांच्या तळावर शेजारी एक सत्तरीच्या पुढचं जोडपं होतं. बाई आमच्याहून मोठी गाडी सपासप मागे घेत होत्या आणि नवरा मागे उभा राहून हातानं दिशा दाखवत होता. मी माझी गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, आपण निम्मा रस्ता चालवायचा, म्हणजे दोघांनाही निम्मा रस्ता बघायला मिळतो. साधी गोष्ट. पंचवीस वर्षं आमच्या गाडीत हे रस्ता बघत आले आणि मी मागे वळून मुलं बघत आले.

दोघांचा रस्ता

एक दिवस विश्रांती घेऊन लिंडिस पास ओलांडला. पिवळ्या गवताच्या मऊ घड्या पडलेले डोंगर, झाड म्हणून नाही. एकेरी पूल आले. तिथं लाल छोटा बाण आपल्या बाजूचा असेल तर आपण थांबायचं, समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. आमच्या संसाराला अशी पाटी लावायला हवी, असं हे म्हणाले. वानाकाच्या सरोवरात पाण्यातच उभं असलेलं एकटं विलोचं झाड पाहिलं. कुंपणाच्या खांबाला पालवी फुटून झालेलं ते झाड. २०२० साली कुणीतरी त्याच्या फांद्या करवतीनं कापल्या, तरी उभं आहे.

पाय दुखत असल्यामुळे हे आता आतलं काम बघायला लागले. बसल्या बसल्या कांदा चिरणं, चहा करणं. पहिला चहा कडू, दुसरा पांचट, तिसरा फक्कड. बार्शीहून आणलेली कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही आणि समोर सरोवर. तसलं जेवण कुठल्या हॉटेलात मिळेल?

क्वीन्सटाउनचं वाकाटिपू सरोवर सुमारे ८० किलोमीटर लांब, आकार वाकड्यातिकड्या झोपलेल्या माणसासारखा. त्याचं पाणी थोड्या थोड्या वेळानं काही सेंटीमीटर वर-खाली होतं. शास्त्रज्ञ त्याला पाण्याचं हेलकावणं म्हणतात. माओरी लोकांची कथा निराळी. एका राक्षसानं मुलगी पळवली, तिच्या प्रियकरानं झोपलेल्या राक्षसाला जाळलं, तो जळून जमिनीत खड्डा पडला, त्याचं सरोवर झालं. हृदय मात्र जळलं नाही, तेच तळाशी अजून धडधडतंय. आपल्याकडच्या डोंगर-तळ्यांच्या अशाच गोष्टी असतात, नाही का?

ते अनाउला पोचेपर्यंत ह्यांची सूज उतरली होती. पुढचा रस्ता मिलफर्ड साउंडचा, सुमारे १२० किलोमीटर, वाटेत डिझेल नाही. आणि होमरचा बोगदा. १९३५ साली मोजक्या मजुरांनी कुदळी आणि हातगाड्या घेऊन तो खणायला सुरुवात केली, मध्ये युद्ध आलं, हिमकडे कोसळून माणसं गेली, आणि १९५४ साली तो रहदारीला खुला झाला. सव्वा किलोमीटर लांब, आतून ओबडधोबड खडक, पाणी ठिबकतंय आणि तीव्र उतार.

सकाळी मी चावी ह्यांच्यापुढे धरली. "आता चालवा तुम्ही. पाय बरा आहे."

ह्यांनी चावी घेतली नाही. म्हणाले, "असू दे तुझ्याकडे. येताना मी चालवीन."

मैत्रिणींनो, पंचविसाव्या वाढदिवसाला मला सोन्याच्या बांगड्या मिळाल्या असत्या तरी एवढा आनंद झाला नसता.

बोगद्याच्या तोंडाशी गाड्यांची रांग होती. तिथं किआ नावाचे हिरवे पोपट गाड्यांच्या काचेचं रबर चोचीनं उपटत होते. "ह्याला दुकानावर ठेवला तर सुट्या भागांचा खप वाढेल," हे म्हणाले. मग दिवा हिरवा झाला आणि मी गाडी त्या काळोखात घातली. हात घामेजले होते. बाहेर पडलो तर दोन्ही बाजूंनी कडे आणि त्यांवरून शेकडो धबधबे. मिलफर्डला वर्षाला पावणेसात मीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या सोलापूर जिल्ह्यात वर्षभरात जेमतेम अर्धा मीटर! होडीतून समोर मायटर शिखर, सुमारे १७०० मीटर, म्हणजे कळसूबाईहून किंचित उंच, पण सरळ समुद्रातून वर आलेलं. डास म्हणाल तर तिथल्या वाळूमाश्यांनी फोडून काढलं. माओरी म्हणतात, एवढी सुंदर जागा बघून माणसं इथंच रेंगाळतील म्हणून देवीनं त्या सोडल्या. कथा पटली. आम्ही रेंगाळलो नाही.

येताना ठरल्याप्रमाणे हे चालवायला बसले. मी डावीकडच्या खिडकीतून रस्ता बघत होते. एका वळणावर माझ्याही तोंडून निघालं, "अहो, ब्रेक!" दोघंही इतके हसलो की गाडी बाजूला घ्यावी लागली.

जाणार असाल तर

व्हिसा आधी काढावा लागतो. सामानातला प्रत्येक खाण्याचा पदार्थ विमानतळावरच्या फॉर्मवर लिहा. लोणचं, मसाले, चटणी, सगळं. ताजी फळं, बिया, मध नेऊ नका. लपवलं तर ४०० डॉलर दंड जागेवर. चपला-बूट माती काढून स्वच्छ करा. लायसन्स इंग्रजीत असावं, आंतरराष्ट्रीय परवाना जवळ असलेला बरा. रात्री गाडी चालवू नका. गाडी भाड्याने घेताना दोघांचीही नावं ड्रायव्हर म्हणून घाला. ही शेवटची सूचना माझी स्वतःची.

आणि न्यूझीलंडच हवं असं नाही. महाराष्ट्र सरकारनंही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. तेही नको, घरातली जुनी गाडी पुरे. मुलं मोठी झाली, म्हातारी माणसं गेली, की घरात दोन माणसं उरतात. त्यांची ओळख पुन्हा करून घ्यायला हवी. त्यासाठी दोन दिवस दाराला कुलूप लावता येणार नाही, इतकं काही आपलं दुकान आणि स्वयंपाकघर अडत नाही.

परत आलो. दुकानाचं शटर वर गेलं. सकाळचा चहा आता हे करतात, बहुतेक वेळा फक्कड. आणि दर गुरुवारी शेजारच्या गावांतल्या बचत गटांच्या बैठकीला मी स्वतः गाडी घेऊन जाते. परवा गटातल्या दोघीजणी म्हणाल्या, "ताई, आम्हालाबी लायसन काढायचंय. काय काय कागद लागतात?"

मी कागद काढला आणि यादी लिहून दिली.